कुंकू लागलेला डोळा

मित्रांनो, मान जरा वर करा. देवघराच्या चौकटीवर वाटाण्याएवढा डोळा दिसतोय ना, तो मी! मी एक जुना, स्वस्तातला कॅमेरा आहे. काशीत दुर्गाघाटाच्या गल्लीत, ढुंढिराजशास्त्र्यांच्या घरी माझा मुक्काम असतो.

आधी मी एका संगणकाच्या दुकानात गिऱ्हाइकांचे फोटो काढायचो. पुढे माझ्याहून देखणे कॅमेरे आले आणि दुकानदाराने मला खोक्यात टाकलं. "कूडा आहे, नुसता कचरा," म्हणाला. फार वाईट वाटलं हो! तिथून मला उचललं शास्त्रीबुवांच्या मधुरेने. ती इंजिनिअरिंग शिकत होती, आणि तिचे बाबा रोज घर डोक्यावर घ्यायचे, "अरे, माझा चष्मा कुठे गेला?"

मधुरेने युक्ती केली. चष्म्याला, किल्ल्यांना, पूजेच्या पळीला नखाएवढे दिवे लावले. प्रत्येक दिवा आपापल्या तालात लुकलुकतो, पण इतका भरभर, की तुम्हाला तो संथ तेवतोय असंच वाटेल. मी पडलो स्वस्तातला! अख्खं चित्र एकदम टिपणं मला जमत नाही, वरून खाली ओळीओळीने टिपतो. त्यामुळे लुकलुकण्याचे माझ्या चित्रात पट्टे उमटतात, प्रत्येक दिव्याचे निराळे. मला जोडलेला संगणक ते पट्टे ओळखतो आणि मधुरेच्याच आवाजात सांगतो, "बाबा, चष्मा खिडकीत." माझी खोडच अशी कामाला आली.

शास्त्रीबुवांनी आधी नाक मुरडलं. "देवघरात हा टकमक बघणारा कशाला?" पण चष्मा रोज सापडू लागला, तसा त्यांना माझा लळा लागला.

मग मधुरेचं लग्न ठरलं. लग्नाआधी नवरी गौरीहराशी बसते, अन्नपूर्णेची पूजा करते आणि तीच मूर्ती सासरी नेते. मधुरेच्या आईने, शरदिनीबाईंनी, आपल्या माहेरची बोटभर पितळी अन्नपूर्णा लेकीसाठी काढून ठेवली होती. मधुरेने तिलाही दिवा लावला होता. आणि ऐन मुहूर्ताच्या तोंडावर अन्नपूर्णा गायब!

"माझ्या आईची मूर्ती गं ती!" शरदिनीबाईंच्या डोळ्यांना धार लागली. "आता काय पोरीला रिकाम्या पाटासमोर बसवू?"

"ताई, रडतेस काय? त्या कॅमेऱ्याला विचार की!" नीलकंठमामा म्हणाले.

विचारलं. संगणक म्हणाला, "दिसत नाही."

दिसणार कसं? मला सगळं लालच लाल दिसत होतं! त्या सकाळी शास्त्रीबुवांनी मंगलकार्य म्हणून जात्याला, मुसळाला, झाडून साऱ्या वस्तूंना कुंकू लावलं होतं. "तूही घरचाच रे बाबा," म्हणत मलाही लावलं, बरोबर डोळ्यात! माझा जीव नुसता तळमळत होता. बोलू कसा?

पिवळी अष्टपुत्री नेसलेली मधुरा तशीच स्टुलावर चढली. मला बघून खुदकन हसली. "बाबा, हद झाली! हे कपाळ नाही, डोळा आहे त्याचा!" तिने मऊ रुमालाने मला पुसलं. "मामा, बत्ती बुझाओ जरा."

खोलीत अंधार झाला आणि मला कोपऱ्यात अगदी अंधूक पट्टे दिसले. संगणक बोलला, "अन्नपूर्णा, उजव्या कोपऱ्यात." तिथे तर अक्षतांची परात! मामांनी हात खुपसला आणि तांदळांतून अन्नपूर्णा वर आली, अक्षतांच्या कुंकवाने गुलाबी न्हालेली.

शास्त्रीबुवांनी जीभ चावली. "अगं, मीच ठेवली होती! अन्नपूर्णेची जागा तांदळातच ना? म्हटलं, गर्दीत हरवायला नको."

"आणि मी वर डबाभर तांदूळ ओतले!" मामांनी कपाळावर हात मारला. शरदिनीबाई रडता रडता हसू लागल्या. लग्न अगदी मुहूर्तावर लागलं. मला त्या दिवशी केवढी ऐट चढली म्हणून सांगू!

आता मधुरा सासरी नांदते. अन्नपूर्णेचे पट्टे मला दिसत नाहीत, आणि त्याची चुटपुट लागते. मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना कुंकू अवश्य लावा, पण आधी आमचा डोळा कुठे आहे ते बघा. धूळ पुसा. लगेच कूडा म्हणू नका.

शास्त्रीबुवा हल्ली रोज सकाळी मला उपरण्याने पुसतात. मग चष्मा नीट नाकावर चढवतात आणि विचारतात, "माझा चष्मा कुठे गेला?" चष्म्याचा दिवा इकडून तिकडे फिरताना दिसला, की संगणकाने काय म्हणायचं, तेही मधुरेने आपल्या आवाजात भरून ठेवलंय.

"बाबा, तुमच्या नाकावर!"

शास्त्रीबुवा हसतात, आणि पुन्हा तेच विचारतात.