देवी टोचायचं चूलबंद आवतण

देवीची लस टोचायची म्हणलं की अख्खी तीर्थपुरी शेतात पळायची. धर्मराज डाक्टर दवाखान्यात एकटेच माश्या मारून राह्यलेले. त्यात अंबडचे मुबारकसाहेब तपासणीला येणार होते. त्यांनी सांगूनच ठिवलं, दवाखाना रिकामा दिसला तर उचलून अंबडला नेतो. मंग तापलेलं लेकरू बैलगाडीत घालून तिकडं न्या!

डाक्टरनं झुंबरबाई कासारणीला गाठलं. बांगड्या भरायला ती घराघरात पार चुलीपर्यंत जायची.

"मावशी, साहेब येतील त्या दिवशी सगळे आले पाहिजेत. घरात एक माणूस राहू देऊ नका."

"एक बी न्हाई? बघा बरं, मागून म्हणसाल."

"बिलकुल न्हाई म्हणणार!"

डाक्टर शहरातले. घरात एक बी माणूस ठिवायचं न्हाई म्हणजे लग्नाघरचं चूलबंद आवतण, हे त्यांना काय ठाऊक? त्या दिवशी घरी चूल पेटवायची न्हाई, सगळ्यांनी तिकडंच जेवायचं. झुंबरबाईनं हळद-कुंकू लावून तस्संच आवतण दिलं.

झालं. गाव वाजंत्री लावून आलं. फेटे, ठेवणीतली लुगडी, डोक्यावर आहेराच्या पाट्या. अन् सगळे उपाशी.

"पंगत कुठंय?" बद्रीनाथ पाटील म्हणाले.

"कसली पंगत? आधी टोचून घ्या."

"उपाशी माणसाला टोचता?" सगुणाबाई कडाडली. "चला गं माघारी!"

गाव वळलं. तेवढ्यात लांबून साहेबांचा टांगा दिसला. डाक्टर रडायचेच बाकी होते. "मावशी, दवाखाना गेला!"

झुंबरबाई बाकड्यावर चढली. "ओ पाटील! अक्षदा पडायच्या आधी कोणच्या लग्नात जेवलात?"

"...कुठंच न्हाई."

"मंग हितल्या अक्षदा दंडावर पडत्यात. पडल्या की पंगत!"

"अन् जेवायला काय घालू?" डाक्टर कुजबुजले.

"आहेरात काय दगडं आणलेत का? गहू हाय, गूळ हाय. लापशी टाका जल्दी!"

चुलाण पेटलं. रांग लागली. साहेब टांग्यातून उतरले तर कोणीतरी त्यांना फेटाच बांधला.

"डाक्टरसाब, शादी किसकी है?"

सगुणाबाईनं साहेबांना न्याहाळलं. "तुम्ही नवरीकडचे का?"

"हम सरकार के."

"कोणाचे बी असा, बाही वर करा!"

साहेबांनी टोचून घेतलं, दोनदा लापशी मागून घेतली अन् दवाखाना हितंच राहील म्हणून सांगून गेले.

डाक्टरला वाटलं, सुटलो. पर एकदा कोणाकडं जेवलं की त्याला उलट जेवायला बोलवावं लागतं. आज सगुणाबाईकडं, उद्या दुर्गाबाईकडं. नको म्हणलं तर घर रुसायचं. जिथं जेवायला बसावं तिथं आतल्या खोलीत कोणीतरी कण्हत पडलेलं निघायचं. ताट सरलं की डाक्टर हात धुऊन नाडी धरायचे.

शेवटी डाक्टरच पोट धरून आडवे झाले.

"मावशी, उद्या उपासाचं घर बघा."

"तसलं घर गावात न्हाई," झुंबरबाई म्हणाली. "पाटलाची म्हातारी खोकून राह्यली. पुरण शिजायला टाकलंय. पिशवी घ्या, चला!"