चुंबकबाबाची लाल गादी

दोऱ्याला टांगलेलं चुंबक हललं आणि खोलीतल्या सत्तर-ऐंशी माणसांचा श्वास एकदम आत गेला.

"ओढलं! बघा, ओढलं!" मागून कुणीतरी ओरडलं.

गालिच्यांच्या बंद पडलेल्या दुकानावरची ती लांबट खोली. खुर्च्या केव्हाच संपल्या होत्या. माणसं खिडक्यांच्या कट्ट्यांवर, जिन्याच्या पायऱ्यांवर, जागा मिळेल तिथं टेकली होती. समोर टेबल, टेबलावर लाल मखमली गादी आणि गादीवर आमच्या कारखान्यातल्या काजवालीचं मनगट. काजवाली म्हणजे काजं करायच्या मशीनवर बसणारी बाई. तिच्या मनगटाच्या वर चुंबकबाबानं दोरा धरला होता. दोऱ्याचं टोक आधी थरथरलं, मग तिरकं झालं आणि चुंबक टपकन तिच्या मनगटावर येऊन बसलं.

"पूर्ण!" बाबा गरजला. "रक्त लोहानं भरलं! माई, सात आठवड्यांपूर्वी हेच चुंबक तुझ्या हातावर मेल्यासारखं लटकत होतं. होतं की नाही?"

"होतं," काजवाली रडत रडत म्हणाली.

"डॉक्टर रक्त काढतात, मी रक्त भरतो! रिपोर्ट कागदावर असतो, रक्त अंगात असतं. कागदाला विचारायचं की अंगाला?"

"अंगाला!" गर्दीनं एका सुरात उत्तर दिलं. त्या सुरात माझ्या सख्ख्या भावाचाही आवाज होता.

मी भिंतीला टेकून बाबाची बोटं न्याहाळत होतो. मी शिलाई कारखान्यात मशीन दुरुस्त करतो. यंत्र बिघडलं की कुठला भाग खोटं बोलतोय ते शोधायचं, एवढीच माझी विद्या. पण बाबाची बोटं स्थिर होती. दोरा साधा होता. काहीतरी पाणी मुरत होतं, कुठं ते मात्र दिसत नव्हतं.

शेजारी वहिनी बसली होती. खोलीत माणसं घामानं निथळत होती आणि तिच्या अंगावर जाड कोट, हातात लोकरीचे मोजे. पुढच्या रविवारी गादीवर हात ठेवायची तिची पाळी होती.

वहिनीचं दुखणं वर्षभराचं. आमच्याच कारखान्यात ती शर्टाच्या कॉलर शिवते. पूर्वी तिच्या हाताचा वेग असा, की कापून देणाऱ्याची तारांबळ उडायची. तीच बाई हळूहळू मंदावली. केस कंगव्यात येऊ लागले, चेहरा सुजला, जिना चढला की धाप लागायची. बोलतानाही शब्द आठवेपर्यंत समोरचा माणूस ताटकळायचा. दवाखान्यात रक्त तपासलं तेव्हा कळलं, थायरॉइडची ग्रंथी सुस्तावली आहे, शिवाय लोह कमी, बी-बारा कमी आणि डी जीवनसत्त्वही कमी. चार प्रकारच्या गोळ्या मिळाल्या. तीन महिने तिनं त्या खाल्ल्या. फरक जेमतेम.

"आणि वर म्हणतात, थायरॉइडची गोळी जन्मभर," दादा म्हणायचा. दादा बेकरीत भट्टीवर काम करतो. "जन्मभर औषध लागतं तर ते औषध कसलं? गिऱ्हाईक बांधून ठेवायचा धंदा नुसता!"

त्यात काजवालीनं चुंबकबाबाची वार्ता आणली. बाबाचे नियम कडक. सात आठवडे त्याच्याकडच्या बाटलीतलं 'लोहजल' सकाळ-संध्याकाळ प्यायचं. बाकीच्या सगळ्या गोळ्या बंद, कारण 'दोन मालकांचा नोकर कुणाचंच काम करत नाही.' आणि बाबा रोग्याला कधी हात लावत नसे. आजारी देहाला शिवलं की म्हणे शक्ती उतरते.

"वहिनी, गोळ्या थांबवू नका," मी तेव्हाच म्हटलं होतं.

"भावजी, गोळ्यांनी काय दिवे लागले?" ती थकलेल्या आवाजात म्हणाली. "शिवाय तुमच्या दादांना फार आशा आहे."

आशेला नट-बोल्ट नसतात, की पाना घेऊन उघडावं.

काजवाली 'पूर्ण' झाली त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. दुपारी कारखान्यात वहिनीच्या मशीनचा आवाज मध्येच थांबला. मी वळून पाहिलं. ती शांतपणे आपल्या हाताकडे बघत होती. सुई तर्जनीच्या आरपार गेली होती आणि आत तुटली होती. दुसरी बाई किंचाळली असती. वहिनी नुसती बघत राहिली, जणू बोट शेजारणीचं आहे.

मी मशीनचं चाक उलटं फिरवून बोट सोडवलं आणि तिला थेट दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाईंनी सुईचा तुकडा काढला, पट्टी बांधली. मग नाडी धरली आणि घड्याळाकडे बघत ठोके मोजले.

"शेहेचाळीस," त्या म्हणाल्या. "थायरॉइडची गोळी कधीपासून बंद आहे?"

वहिनीनं मान खाली घातली. "सहा आठवडे झाले."

"बाई, तुमचं शरीर विझत आलेल्या चुलीसारखं चाललंय. ग्रंथी जे कमी बनवते, तेवढंच ती गोळी भरून काढते. अजून काही आठवडे असेच गेले असते, तर तुम्हाला इथं चालत येता आलं नसतं."

संध्याकाळपर्यंत रक्ताचा अहवाल आला. थायरॉइड पार बिघडलेलं. हिमोग्लोबिन नऊवरून आठवर उतरलेलं.

"पण गोळ्यांनीही फरक पडत नव्हता ना?" मी विचारलं. खरं सांगतो, तोवर माझा डॉक्टरांवरही पुरता भरवसा नव्हता.

"घेत कशा होतात?" डॉक्टरबाईंनी वहिनीला विचारलं.

"सकाळी. चारही एकदम. चहाबरोबर."

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. "हे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. चूक माझी. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. मग अर्धा-पाऊण तास काही खायचं-प्यायचं नाही. लोहाची गोळी त्यानंतर निदान चार तासांनी, कारण दोन्ही पोटात एकत्र आल्या की लोह थायरॉइडच्या गोळीला अडवतं. आणि चहा लोहाला अडवतो. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या."

एवढी साधी गोष्ट! तीन महिने औषध पोटात जात होतं आणि अंगाला लागत नव्हतं. त्या फटीतून बाबा आत शिरला होता.

"मग चुंबक कसं ओढलं जातं?" वहिनीनं हळूच विचारलं.

"रक्तातलं लोह म्हणजे खिळे नव्हेत. ते दुसऱ्या पदार्थांत बांधलेलं असतं. टांगलेल्या चुंबकाला ते ओढूच शकत नाही, रक्त कितीही भरलेलं असो."

वहिनीनं माझ्यापुढं हात केला. "भावजी, तुमचं चुंबक द्या बरं."

ते माझ्या खिशात कायम असतं. सुई तुटली की तिचे सगळे तुकडे मिळाल्याशिवाय माल पुढं जात नाही, म्हणून. तिनं ते दोऱ्याला बांधलं. आधी स्वतःच्या मनगटावर धरलं, मग माझ्या, मग डॉक्टरबाईंच्या. चुंबक ढिम्म हललं नाही.

"तुमचं लोह तर चांगलं असेल?" तिनं डॉक्टरबाईंना विचारलं.

"चांगलंच आहे."

वहिनी विचारात पडली. आता तिच्या विचारालाही वेळ लागायचा, पण टाका पडायचा तो पक्का. "पहिल्या दिवशी त्यानं माझा हात लाकडी फळीवर ठेवायला लावला होता," ती म्हणाली. "म्हणाला, रिकाम्या रक्ताला गादीचा मान नाही. काजवालीचा हात काल गादीवर होता." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "भावजी, कपड्यांचे फोटो काढायचा तो पुतळा आहे ना आपल्याकडे, त्याचा हात निघतो का हो?"

रविवारी खोली पुन्हा भरली. मागं, दाराजवळ, डॉक्टरबाई येऊन बसल्या होत्या. दादाला आम्ही काहीच सांगितलं नव्हतं. वहिनीनं गोळ्या पुन्हा सुरू केल्या होत्या, तेही नाही. तो पहिल्या रांगेत हात जोडून बसला होता.

वहिनीचं नाव पुकारलं गेलं. ती सावकाश गेली, खुर्चीत बसली आणि तिनं कोटाची डावी बाही गादीवर ठेवली. बाहीतून लोकरीचा मोजा बाहेर आला होता.

"मोजा काढू का बाबा? थंडी फार वाजते."

"राहू दे, माई!" बाबा गर्दीकडे वळून हसला. "लोहाला लोकर अडवील? पर्वताच्या पोटातलं लोह मला इथून दिसतं!"

दोरा खाली आला. चुंबक थरथरलं, तिरकं झालं आणि टपकन मोज्यावर जाऊन बसलं.

"पूर्ण!" बाबा गरजला. दादा रडायलाच लागला.

"बाबा, नीट बघा हं," वहिनी म्हणाली. "याच हातात लोह भरलंय?"

"याच हातात! धमनीतून वाहताना मला दिसतंय!"

"मग ठेवून घ्या," वहिनी म्हणाली आणि उठून उभी राहिली.

हात गादीवरच राहिला.

एक बाई किंचाळली. वहिनीनं कोटाची बटणं सोडून आतला खरा डावा हात बाहेर काढला, पट्टी बांधलेल्या बोटासकट. मग गादीवरच्या हाताचा मोजा ओढला. खाली गुळगुळीत, गुलाबी प्लास्टिक.

मग जिन्यावरून कुणीतरी खो-खो हसलं.

"ही श्रद्धेची थट्टा आहे!" एक म्हातारे गृहस्थ चवताळून उठले. "बाई, लाज वाटते का?"

बाबा सावरला. "शांत! पुतळ्यातही माझ्या शक्तीनं प्राण उतरला, एवढाच याचा अर्थ!"

"मग गादीशिवाय उतरवा," मी म्हटलं आणि पुतळ्याचा हात उचलून साध्या खुर्चीवर ठेवला. "धरा चुंबक."

बाबानं धरलं नाही. वहिनीनं मात्र तोवर गादी उलटी केली होती. "बाकीची शिवण मशीनची आहे आणि एवढी चार बोटं हातशिलाई," असं म्हणत तिनं छोट्या कात्रीनं ती उसवली. कापसात बोटं घातली आणि बशीएवढं काळं, जड चुंबक ओढून काढलं. जुन्या स्पीकरमधलं. मी त्यावर बाबाचा दोरा धरला. दोऱ्याचं चुंबक असं झेपावलं, की माझ्या हातातून सुटलंच.

"फळीत चुंबक नव्हतं, गादीत होतं," मी म्हटलं. "पहिल्या दिवशी फळी, शेवटच्या दिवशी गादी. मधले सात आठवडे बाटल्या."

"पण मला बरं वाटतंय!" काजवाली कळवळून ओरडली. "ते खोटं आहे का?"

डॉक्टरबाई पुढं आल्या. "तुम्हाला वाटतंय ते खोटं नाही. टेबलावरची ही बाटली बघू." त्यांनी लोहजल पेल्यात ओतलं. तांबूस रंग, गोड वास. खिशातली लोहाची गोळी चुरून त्यात टाकली आणि ढवळली. बघता बघता पेला शाईसारखा काळा झाला.

"कोऱ्या चहात लोह पडलं की असंच काळं होतं. हा कडक चहा आहे, भरपूर साखर घातलेला. म्हणून घोटाभरानं तरतरी येते. आणि हाच चहा अन्नातलं लोह अंगाला लागू देत नाही. ज्यांनी हे सात आठवडे प्यायलं, त्या सगळ्यांनी उद्या रक्त तपासून घ्या. गोळ्या थांबवल्या असतील त्यांनी आधी या."

मघाच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी आपली बाटली उजेडाकडे धरली, वास घेतला आणि जिना उतरून गेले. बाबाला बाहेर पडू दिलं नाही ते त्याच्याच भक्तांनी. पोलीस येईपर्यंत तो 'शक्ती, शक्ती' पुटपुटत होता. दोरा मात्र त्यानं पुन्हा हातात धरला नाही.

घरी आल्यावर दादा वहिनीसमोर येऊन बसला. म्हणाला, "मीच तुला तिथं नेलं. तुझं काही झालं असतं तर?"

"अहो, तुम्ही घाबरला होता," वहिनी म्हणाली. "मीही घाबरले होते. घाबरलेल्या माणसाला सोपं उत्तर गोड लागतं."

ती काही आठवड्याभरात टुणटुणीत झाली नाही. तसं कुणी सांगितलं तर समजा, तोही चुंबकच विकतोय. दीड महिन्यानं पुन्हा रक्त तपासलं, थायरॉइडच्या गोळीचं प्रमाण बदललं. लोहाचा आकडा मुंगीच्या पावलानं चढला. बी-बारा आणि डी डॉक्टरबाईंनी सांगितलं तितकंच. चौथ्या महिन्यात एकदा ती जिना चढून आली आणि वरच्या पायरीवर उभी राहून म्हणाली, "अगं बाई, धाप लागलीच नाही!" दादानं तिला पुन्हा खाली जाऊन वर यायला लावलं, खात्री करायला.

काजवालीचं हिमोग्लोबिन सात निघालं. आता तिच्यावरही उपचार चालू आहेत. चुंबक डोळ्यांनी पाहिलंय, असं ती अजून अधूनमधून म्हणते. मी वाद घालत नाही. चुंबक तिनं पाहिलंच होतं. गादी कुणी उचलून पाहिली नव्हती, एवढंच.

म्हणून माझं सांगणं साधं आहे. थकवा खरा असतो, त्याला हसू नका. पण त्याचं कारण रक्तात शोधा, तपासून घ्या आणि औषध कसं, कधी, कशाबरोबर घ्यायचं ते डॉक्टरला दहा वेळा विचारा. विचारल्यावर जो समजावून सांगतो, आपली चूक झाली तर चूक म्हणतो, त्याच्याकडे जा. 'विचारू नका, नुसता विश्वास ठेवा' असं म्हणणारा कितीही गोड बोलला, तरी त्याच्या हाती आपलं माणूस देऊ नका.