गुलबानूचा घास

जेवायला बसलं की गुलबानूला आधी पाण्याचा आवाज ऐकू यायचा. छातीच्या आत, फासळ्यांच्या मागे, कुणी हळूच घागर बुडवावी तसा. मग घास मध्येच थांबायचा. ती डोळे मिटून बसायची. मिटल्या डोळ्यांपुढे एक हिरवट, संथ उजेड पसरायचा आणि त्या उजेडात आईचा आवाज फार लांबून आल्यासारखा वाटायचा.

"गिल गो बाय. थोडा थोडा गिल."

ती तेव्हा पंधरा वर्षांची होती. साल एकोणीसशे तेहतीस. हरिहरेश्वराच्या डोंगरापलीकडे खाडी जिथे समुद्राला मिळते, तिथल्या मोहल्ल्यात तिचं घर. तिचा बाप नुरुद्दीन हा फत्तेमारीचा तांडेल, म्हणजे त्या शिडाच्या गलबताचा कप्तान. इथून सुपारी, नारळ, काथ्या भरून मुंबईला न्यायचा आणि परत येताना कौलं, साखर, कापड आणायचा. पावसाळ्यात गलबत वर ओढून ठेवलं की चार महिने तो घरी असे, पण घरात पुरुष आधी जेवून उठत. गुलबानू आईबरोबर मागच्या पडवीत जेवायची. त्यामुळे पोरगी वाळत चालली आहे एवढंच त्याला दिसलं होतं, ती जेवते कशी ते दिसलं नव्हतं. बायको सांगायला लागली की तो म्हणायचा, "नखरे हायत. भूक लागली का खाईल."

बाराव्या वर्षी हे सुरू झालं होतं. आधी भाकरी अडकायची, मग भात, मग नुसती पेजसुद्धा. सकाळी उठल्यावर उशी ओली असायची, रात्रीचं अन्न तसंच्या तसं वर आलेलं असायचं. त्याहून वाईट म्हणजे कळ. ती जेवताना यायची तशी जेवण नसतानाही यायची. विहिरीवर उभी असताना, सुपारी सोलत असताना. छातीच्या मधोमध कुणी मूठ आवळल्यासारखी ती सुरू व्हायची आणि पाठीतून, गळ्यातून थेट जबड्यापर्यंत चढायची. तेवढा वेळ गुलबानू जिथे असेल तिथे बसायची. वाडीतल्या पोफळी उंच उंच होत जायच्या, त्यांच्या शेंड्यांतला वारा बंद पडायचा, आणि सगळं गाव पाण्याखाली गेल्यासारखं गप्प व्हायचं.

आई मासूमा हिने करायचं ते सगळं केलं. नजर उतरवली, ताईत बांधला, मौलवीसाहेबांकडून दम केलेलं, म्हणजे दुवा पढून फुंकलेलं पाणी आणलं. ते पाणी मडक्यात ठेवलेलं असे, गारगार. ते प्यायलं की कळ आणखी घट्ट व्हायची, पण दुवेच्या पाण्याबद्दल असं कसं बोलायचं म्हणून गुलबानू गप्प राही. एका थंडीत तिला खोकला झाला होता. मासूमाने तेच पाणी चुलीवर कोमट करून दिलं. गुलबानूने दोन घोट घेतले, तिसरा घेतला, आणि आतली मूठ बोट बोट करून सुटत गेली.

ती कितीतरी वेळ रिकामं भांडं हातात धरून बसली होती.

मग तिने स्वतःच करून पाहिलं. गार पाण्याने छातीत जणू एक दार लागतं, कोमट पाण्याने ते किलकिलं होतं. आडवं पडलं की कळ वाढते, भिंतीला टेकून बसलं की निवळते. घाईने श्वास घेतला की वाढते, हळू सोडला की कमी होते. तिने हे आईला सांगितलं. मासूमा म्हणाली, "दुवा पन राहूं दे आन ऊन पानी पन राहूं दे. दोघांचा भांडन न्हाय." त्या दिवसापासून चुलीच्या मागच्या अंगाला एक तांब्या कायम ऊन असे.

पण अंगावर मांस राहीना. त्या वर्षी थंडी सरता सरता फत्तेमारीत माल भरला जात होता, तेव्हा मासूमा बंदरावर गेली. बायका सहसा तिथे जात नसत. खलाशी बाजूला झाले. ती नवऱ्याला म्हणाली, "औंदा हिला मुंबयला न्या. न्हाय तर पुढच्या वर्सा न्यायला कोन रहायचा न्हाय."

नुरुद्दीनने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि सुपारीची चार पोती उतरवून मागच्या बाजूला पोरीपुरती जागा करायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे जमिनीकडून सुटणाऱ्या मतलई वाऱ्यावर त्यांनी खाडी सोडली. गुलबानूने आपलं गाव समुद्रावरून कधी पाहिलं नव्हतं. डोंगर मागे सरकत गेला, देवळाचा कळस दिसला न दिसला, आणि माड एका काळ्या रेघेत मिसळले. पाणी इतकं स्वच्छ होतं की गलबताची सावली खाली तरंगताना दिसे. तिला वाटलं, आपण दोन आहोत, एक वर, एक खाली, आणि खालच्या गुलबानूला काहीच दुखत नाही.

ऊन वर आल्यावर रफिकने, म्हणजे गलबतावर रांधणाऱ्या म्हाताऱ्या भंडाऱ्याने, भात आणि सुक्या बोंबलाचं कालवण दिलं. बापासमोर जेवायचं म्हणून गुलबानूने मोठे घास घेतले. चौथ्या घासाला कळ आली.

नुरुद्दीनने सुकाणू दुसऱ्याच्या हाती दिलं आणि धावत आला. पोरगी वाकली होती, ओठ पांढरे, डोळ्यांतून पाणी.  त्याने पिंपातलं पाणी काढून तिच्या तोंडाला लावलं. रात्रभर गारव्यात राहिलेलं पाणी. तिने एक घोट घेतला आणि ती कण्हली, अशी की शिडाच्या दोरीवरचे खलाशीदेखील थांबले.

"ऊन," ती कशीबशी म्हणाली. "बावा, ऊन पानी."

रफिकच्या चुलीवर आधण होतंच. नुरुद्दीनने त्यात गार पाणी मिसळलं, बोट बुडवून पाहिलं, आणि भांडं धरून बसला. तिने सांगितलं तसं त्याने तिला गुंडाळलेल्या जुन्या शिडाला टेकवून बसवलं. घोटामागून घोट. मध्येच ती हात वर करी, तो थांबे. पुन्हा मान हलवी, तो पुन्हा भांडं पुढे करी. बऱ्याच वेळाने तिचे खांदे खाली आले.

"ह्या असा कवापासून हाय?" त्याने विचारलं.

"तीन वर्सा झाली."

"माना कुनी बोललाच न्हाय."

"आमा बोलली व्हती. तुमी म्हनलात, नखरे हायत."

तिने ते रागाने म्हटलं नव्हतं. त्याने भांडं धुतलं, जागेवर ठेवलं, आणि जाऊन सुकाणू हातात घेतलं.  त्यानंतर मुंबईपर्यंत चुलीवरचं आधण एकदाही उतरलं नाही.

मुंबईत नुरुद्दीनची बहीण बिल्किस राहत होती. तिला एका मोठ्या इस्पितळातली पारशी डॉक्टरीण ठाऊक होती. डॉक्टरीणबाई उंच, पांढऱ्या केसांच्या, जाड चष्म्याच्या. त्यांनी गुलबानूला एका अंधाऱ्या खोलीत उभं केलं आणि खडूच्या चवीची पांढरी पेज प्यायला दिली. मग यंत्राने तिच्या छातीतला फोटो काढला.

दोन दिवसांनी त्यांनी तो फोटो खिडकीच्या काचेला धरला. गुलबानू जवळ गेली. काळ्या ढगात एक पांढरी, फुगलेली पिशवी होती, आणि तिच्या तळाशी उंदराच्या शेपटीइतकी बारीक रेघ.

"ही तुझी अन्ननळी, दीकरी," त्या म्हणाल्या. "खाली एक दरवाजा असतो. घास आला की तो उघडला पाहिजे. तुझा उघडत नाही. म्हणून सगळं वर साचून राहते. यात जिन नाही, नजर नाही. आणि नखरा तर नाहीच."

नुरुद्दीन खाली पाहत उभा होता.

"मग दुखता ते?" गुलबानूने विचारलं.

"नळी जोर करते, तिला आकडी येते. कधी घासामुळे, कधी काही कारण नसताना. दुखलं की तू काय करते?"

गुलबानूने सगळं सांगितलं. ऊन पाणी, ताठ बसणं, श्वास हळू सोडणं. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला आणि खुशीत हसल्या. "मी हेच सांगणार होते. आता दोन गोष्टी जास्तीच्या. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली विटा घाल, म्हणजे झोपेत वर येणार नाही. आणि दिवस मावळायच्या आत जेवून घे." मग त्या नुरुद्दीनकडे वळल्या. "ताप आला, घाम सुटला, किंवा पाणीसुद्धा उतरेना झालं, तर घरी बसू नका. सरळ इकडे आणा."

दार उघडण्यासाठी त्यांच्याकडे एक रबरी नळी होती. अंगठ्याएवढी जाड, पुढचं टोक बंद, आत पारा भरलेला. ती आपल्या वजनानेच उतरायची, गिळणाऱ्याने फक्त ताठ बसून तिला वाट द्यायची. पहिल्या दिवशी गुलबानूला ओकाऱ्या आल्या. दुसऱ्या दिवशी ती रडली. डॉक्टरीणबाई समोर स्टुलावर बसून राहिल्या, जणू त्यांना दुसरं काही कामच नव्हतं. त्यानंतर एका सकाळी गुलबानूने डोळे मिटले, तो हिरवा उजेड आला, आणि त्या उजेडात ती जड नळी सावकाश खाली खाली गेली, ठरलेल्या जागी थांबली, आणि मग आत काहीतरी नकळत बाजूला सरलं.

त्या दुपारी बिल्किसच्या घरी तिने ताटभर भात खाल्ला. सुरमईचं कालवण, वर लिंबू. बिल्किस शेजारी बसून डोळ्यांना पदर लावत होती. "आजून घे गो," म्हणत होती. गुलबानूला अन्नाची चव येत होती, आणि चव संपून भूक भागण्याची ती विसरलेली जागाही सापडत होती.

नळी तिने बरोबर घेतली. रोज जेवणाआधी ती स्वतःच गिळायची, असं ठरलं होतं.

परतीच्या वाटेवर वारं पडलं. समुद्र काचेसारखा सपाट झाला, शिडं लोंबकळली, आणि फत्तेमारी किनाऱ्यापासून दूर जागच्या जागी उभी राहिली. आभाळ आणि पाणी एकाच रंगाचे. लांबचा डोंगर हवेत तरंगत असल्यासारखा दिसत होता. अशा त्या पांढऱ्या दुपारी, काहीही न खाता, गुलबानूच्या छातीत कळ उठली.

या वेळी ती दुखण्यापेक्षा निराशेने रडली. "एवढी नळी गिलली, तरी पन?"

नुरुद्दीनने ऊन पाणी आणलं. तिला टेकायला आता ते गुंडाळलेलं जुनं शीड नव्हतं, कारण तेही वर चढवलेलं होतं. म्हणून तो तिच्याकडे पाठ करून खाली बसला आणि म्हणाला, "माझ्या पाठीला टेक." ती टेकली.

"माना सांग," तो समुद्राकडे बघत म्हणाला. "कसा दुखता ता सांग."

तीन वर्षांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं. घोट घेता घेता ती सांगत गेली. कुठे सुरू होतं, कुठे चढतं, पोफळी कशा उंच होतात, गाव पाण्याखाली कसं जातं, आणि त्या पाण्यात तिला भीती वाटते की ती एक दिवस वर येणारच नाही. तो मध्ये बोलला नाही. फक्त ती थांबली की त्याची पाठ जराशी हलायची, ऐकतोय म्हणून सांगावं तशी. सांगता सांगता कळ ओसरली. दुखून गेल्यावरचा थकवा गोड असतो, तिची मान कलली, आणि ती बसल्या बसल्या झोपली.

तेवढ्यात पाण्यावर पश्चिमेकडून काळसर सुरकुत्या उमटल्या. वारा येत होता. शीड फडफडलं. रफिकने खुणेने विचारलं, ओढू का? शीड ओढलं की गलबत कलणार, धक्का बसणार. नुरुद्दीनने मान न वळवता हात हलवला. शीड सैल सोडा.

खलाशी एकमेकांकडे बघत राहिले. अंगावरून चांगला वारा वाहून गेला, आणि त्याबरोबर खाडीत शिरायची भरतीही गेली. पोरगी उठल्यावर उरलेल्या वाऱ्यावर फत्तेमारी खाडीच्या मुखापर्यंत आली, रात्रभर बाहेरच नांगर टाकून राहिली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आत आली.

मासूमा बंदरावरच उभी होती. आधी तिने पोरीच्या गालांना हात लावून पाहिलं, मग नवऱ्याला विचारलं, "काल का न्हाय आलात? मी दिसभर वाट बघितली."

"वारा नव्हता," नुरुद्दीन म्हणाला आणि पोती उतरवायला गेला.

"वारा व्हता की," मागून रफिक हळूच म्हणाला. "तांडेलला दिसला न्हाय."

दुखणं गेलं नाही. ते वर्षातून काही वेळा यायचं, कधी आठवडाभर मुक्काम करायचं. पण गुलबानू हळूहळू भरली. जेवणाआधी ती पडवीत ताठ बसून नळी गिळायची, आणि कुंपणावरून डोकावणाऱ्या मोहल्ल्यातल्या पोरी श्वास रोखून बघायच्या. एकदा त्यांतल्या एकीने विचारलं, "भ्या न्हाय वाटत?" गुलबानूच्या तोंडात नळी होती, बोलता येत नव्हतं. तिने डोळे मिटले, हात वर करून थांबायची खूण केली, आणि नळी पुरती उतरल्यावर त्या पोरीकडे बघून डोळ्यांनीच हसली.