परातीवरची बदामाएवढी जागा

माझ्या समोरची गादी बावीस वर्षं रिकामी आहे. रोज सकाळी दुकान उघडलं की मी आधी ती झटकतो, मग माझी. सवय. त्या गादीच्या वर भिंतीवर उस्ताद सैफुल्लाहांचा फोटो आहे, आणि फोटोतसुद्धा ते माझ्या हाताकडेच बघताहेत असं वाटतं.

इस्फहानच्या या तांबटगल्लीत पूर्वी इतकी ठोकाठोक चालायची की आम्ही एकमेकांशी हातवारे करून बोलायचो. आता दोन्ही बाजूंना मोबाइलची कव्हरं विकतात. माझी एकट्याची हातोडी चालते आणि तिचा आवाज समोरच्या भिंतीवर आपटून मलाच ऐकू येतो. बायको जाऊन सहा वर्षं झाली. दुपारी मी पनीर-भाकरी खातो ती फोटोकडे बघत. गल्लीतले सगळे मला 'उस्ताद' म्हणतात. कुदरत हे माझं नाव आहे, हे पोस्टमन सोडला तर कुणाच्या ध्यानातही नसेल. आणि मी प्रत्येकाला सांगतो, उस्ताद ते, भिंतीवरचे. लोक हसतात. त्यांना तो विनय वाटतो. विनय कसला, खरं तेच सांगतो.

गेल्या शरदात तेहरानहून माहरुख नावाची एक पोरगी आली. विद्यापीठात शिकवते म्हणे, पण दिसायला अजून परीक्षेला बसायची दिसते. 'उस्ताद' हा शब्द कुठून कुठे गेला, याचा माग काढत फिरत होती. मी चहा ओतला, खडीसाखर पुढे केली. तिनं दोनदा नको म्हटलं आणि तिसऱ्यांदा घेतली. घरचं वळण चांगलं होतं.

"शब्द आपला, उस्ताद. अरबांच्याही आधीचा," ती म्हणाली. "अरबांनी नेला, त्यांच्याकडे प्राध्यापकाला म्हणतात. तुर्कांनी शेपूट तोडलं आणि गवंड्याला, नळवाल्याला लावला."

"नळवाल्याला?"

"हो! आणि हिंदुस्थानात तबला वाजवणाऱ्यांना, गवयांना. तिथेच पश्चिमेकडे कुठेतरी बेरक्या माणसालाही म्हणतात. मलायात कुराण शिकवणाऱ्याला, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरसुद्धा."

"चांगलाच पायाला भिंगरी लावून हिंडलाय."

"तर! आता सांगा, तुम्हाला पहिल्यांदा उस्ताद कोण म्हणालं?"

तिनं आवाज टिपायचं यंत्र माझ्यापुढे सरकवलं. माझं डोकं का फिरलं कुणास ठाऊक. मी छिन्नी खाली ठेवली.

"पोरी, तुझा तो शब्द समुद्र ओलांडून नळवाल्यापर्यंत पोचला. पण त्या गादीवरून या गादीवर काही आला नाही. दोन हातांचं अंतर आहे, मोजून बघ."

ती खरंच दोन्ही गाद्यांकडे बघायला लागली. मग मला सांगणं भागच होतं.

आमच्या कामात परात पालथी करून तिच्या पाठीवर डांबर ओततात, म्हणजे ठोक्यानं तांबं फाटत नाही. मग छिन्नीनं नक्षी. मी चौदाव्या वर्षी इथे बसलो. पंचविसाव्या वर्षापासून हरणं, सरूची झाडं, घोडेस्वार, सगळं मीच कोरत होतो. पण काठावर बदामाएवढी जागा मोकळी सोडायची. ती उस्तादांची. तिथे ते आपलं नाव कोरत, आणि मगच परात दुकानाबाहेर जाई. उस्तादानं तोंडानं परवानगी दिल्याशिवाय त्या जागेला हात लावायचा नाही. हे कुठे लिहिलेलं नाही, पण लावून बघा.

मी एक्केचाळीसचा असताना एका सकाळी त्यांनी परात माझ्याकडे ढकलली. म्हणाले, "आजपासून तू सही कर, कुदरत. उस्ताद तू आहेस."

मी म्हणालो, "काहीतरीच काय! मी तुमच्या पायाची धूळ."

ते म्हणाले, "बस कर. कर सही."

मी म्हणालो, "माझी काय लायकी, उस्ताद?"

आता ते तिसऱ्यांदा म्हणणार होते. म्हणायचंच असतं. पहिल्या दोन वेळा नको म्हणणं हे माझं काम, तिसऱ्यांदा आग्रह करणं हे त्यांचं. जेवणाच्या ताटापासून मुलीच्या लग्नापर्यंत आमचं सगळं असंच चालतं. माझा हात छिन्नीकडे निघालासुद्धा होता. तेवढ्यात दारात गिऱ्हाईक आलं, चहाच्या समोवाराची तोटी गळते म्हणून. उस्ताद उठले. परत बसले तेव्हा विषय संपला होता. आठ महिन्यांनी ते गेले.

"आणि पुन्हा कधी म्हणालेच नाहीत?" माहरुखनं विचारलं.

"कधीच नाही. मग ते पहिल्या दोन वेळचं नुसतं सौजन्य होतं की काय, कुणाला विचारू? म्हणून मी सही करत नाही. ते गेल्यापासून माझी प्रत्येक परात तेवढी जागा रिकामी ठेवूनच जाते."

"त्यांच्या घरी कुणी नाही?"

"इश्रत खानुम आहेत. त्यांची बायको. नव्वदीच्या पुढे."

"त्यांना विचारलंत?"

"असं विचारतात होय? 'तुमचा नवरा मला मोठा मानत होता का?' तोंड आहे की काय!"

ती निघून गेली, पण प्रश्न इथेच राहिला असता तर बरं, तो माझ्याबरोबर घरी आला. महिनाभर आला.

इश्रत खानुमकडे मी महिन्यातून एका शुक्रवारी जातो, गरम भाकरी घेऊन. गुडघे, महागाई, कोरडी पडलेली नदी, एवढंच आमचं बोलणं. त्या शुक्रवारी ती मांडीवर परात घेऊन मसूर निवडत बसली होती. मी चहाचा पेला तीनदा उचलला, तीनदा ठेवला.

"काय झालंय? खुर्चीत खिळा आहे का?" ती म्हणाली.

"खानुम, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"रागावायला आता दम कुठाय! विचार."

"त्या वर्षी उस्ताद मला सही कर म्हणाले होते. मनापासून म्हणाले होते का?"

तिनं मान वर केली. "हे तू मला विचारतोस? आज?"

"तिसऱ्यांदा म्हणालेच नाहीत ते."

"म्हणाले नाहीत? आठ महिने रोज म्हणत होते, गाढवा!"

मला काही समजेना. ती पुढे वाकली.

"जागा कुणासाठी सोडत होते ते? संध्याकाळी यायचे, हातपाय धुवायचे आणि म्हणायचे, 'इश्रत, आजही सोडली.' दुसऱ्या दिवशी येऊन म्हणायचे, 'त्यानं तिथे पुन्हा माझंच नाव कोरलं.'"

आणि मग सगळं माझ्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. त्या शेवटच्या महिन्यांत परात पुरी झाली की उस्ताद म्हणत, "राहू दे आता," आणि सही न करता घरी जात. मला वाटे, म्हाताऱ्याचा हात थरथरतोय, सांगायला लाज वाटतेय. म्हणून ते घरी गेल्यावर मी त्यांचं नाव त्यांच्याच वळणानं कोरून ठेवी, कुणाला फरक कळू नये असं. सकाळी ते ती परात हातात घेत, बराच वेळ बघत, आणि काही न बोलता खाली ठेवत. मी मनातून खूश. म्हटलं, त्यांची लाज राखली.

"मला वाटलं, त्यांचा हात चालत नाही," मी म्हणालो.

"हात? जायच्या आदल्या आठवड्यात माझ्या सुईत दोरा ओवून दिला त्यांनी, पहिल्या झटक्यात."

"मग तोंडानं का नाही म्हणाले?"

"दोनदा म्हणून झालं होतं ना! म्हणाले, 'तिसऱ्यांदा हातानं सांगतो, हाताचं त्याला जास्त कळतं.' शेवटी शेवटी म्हणायला लागले, 'नको असेल त्याला. बळजबरी कशाला?'"

"आणि तुम्ही? इतकी वर्षं, खानुम?"

"मला वाटलं तुला ठाऊक आहे. नको असतो एखाद्याला मोठेपणा. परत परत विचारून तुला कशाला अवघडवू?" तिनं मसूर भांड्यात ओतले आणि रिकामी परात माझ्यापुढे धरली. "ही शेवटची. ही ते घरीच घेऊन आले. म्हणाले, 'दुकानात ठेवली तर हीसुद्धा तो भरून टाकील.'"

परात माझीच होती. विहिरीवर पाणी पिणारी दोन हरणं. इतकी वर्षं मी समजत होतो, ती विकली गेली. दर महिन्याला मी या खोलीत बसत होतो आणि ती तेव्हा कपाटात असायची. मसूर निवडून निवडून हरणांच्या पाठी गुळगुळीत झाल्या होत्या. काठावरची जागा कोरी होती.

"घेऊन जा," ती म्हणाली.

"नको, खानुम, राहू दे तुमच्याकडेच, मी कसली—"

तोंडातून निघूनच गेलं. इश्रत खानुमनं परात माझ्या मांडीवर ठेवली.

"एकदा झालं," ती म्हणाली.

मी परात उचलली.

घरी जाताना पुलावर बसलो आणि रडलो. खाली पाणी नव्हतं, पोरं नदीच्या पात्रात फुटबॉल खेळत होती. ज्या माणसाचा एक शब्द मिळावा म्हणून मी जन्मभर झुरलो, त्याला मी आठ महिने रोज, अगदी सुबक अक्षरात, नाही म्हणत होतो. तो रोज विचारत होता. मी रोज त्याचं मन मोडत होतो आणि वर स्वतःची पाठ थोपटत होतो. माझ्याइतका आज्ञाधारक शिष्य कुणाला न मिळो.

शनिवारी दुकान उघडलं, दोन्ही गाद्या झटकल्या, डांबर वितळवलं. बरं झालं, आधी टाकाऊ पत्र्याचा तुकडा घेतला. छिन्नी टेकवली, डोळ्यांत पाणी होतं म्हणून हाताला त्याच्या वाटेनं जाऊ दिलं. पुसून बघतो तर पत्र्यावर सैफुल्लाह. हाताला तेवढं एकच नाव ठाऊक. स्वतःचं नाव मी तांब्यावर कधी कोरलेलंच नव्हतं. दुसऱ्या तुकड्यावर कोरलं तर शाळेतल्या पोरानं काढल्यासारखं वाकडं आलं.

तेव्हापासून रोज कामाआधी तासभर मी नाव गिरवतो. त्रेसष्टाव्या वर्षी. परात समोरच्या गादीवर ठेवली आहे.

काल माहरुखचा फोन आला. "उस्ताद, तुमचं एक उत्तर राहिलंय. पहिल्यांदा कोण म्हणालं?"

"सैफुल्लाह," मी म्हणालो.

"अहो, पण तुम्ही तर म्हणाला होता... कधी?"

"रोज म्हणत होते, पोरी. आठ महिने."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

मी समोर पाहिलं. परातीवर गल्लीतलं थोडं ऊन पडलं होतं.

"हो म्हणणार आहे," मी म्हणालो. "हात बसू दे."

फोन ठेवला आणि पत्र्याचा पुढचा तुकडा ओढला.