पाठमोरा बाक

मित्रांनो, सहावीच्या वर्गात एका पायाखाली लाकडी ठोकळा घेऊन उभा असतो, तो जुना बाक मी. मला घडवताना सुताराचं माप जरा चुकलं, तेव्हापासून मी लंगडाच. तरी पस्तीस वर्षं पहिल्या रांगेत काढली आणि त्याचा मला गर्वही होता. खोटं कशाला बोलू?

गेल्या वर्षी माझ्यावर एक मुलगी बसायची. बाई शिकवत असताना ती त्यांच्या तोंडावरून नजर हटवत नसे, म्हणून मुलं तिला 'टकमक' म्हणत. नापास झालीस तर शाळा बंद, असं वडिलांनी बजावलं होतं. बिचारी जीव तोडून अभ्यास करायची.

सहामाहीनंतर नव्या बाई आल्या. मनाने फार चांगल्या. पुढचे हुशार आणि मागचे ढ, हा भेद त्यांना खपत नसे. एका दुपारी त्यांनी आम्हा बाकांना ओढून चार-चारांचे चौकोन केले. मुलं एकमेकांना समजावू लागली, वर्गात जान आली. मी मात्र मागच्या भिंतीकडे वळलो आणि फळा टकमकच्या पाठीमागे गेला.

"बाई, मला आधीसारखं बसू द्या ना," ती म्हणाली.

"आता पुढचं-मागचं कोणी नाही गं. सगळे सारखे," बाई हसून म्हणाल्या.

ती सारखी मान वळवून बघायची आणि लक्ष नाही म्हणून बोलणी खायची. पुढे तिने मान वळवणंही सोडलं. वही कोरी ठेवून नुसती बसून राहायची. मला फार वाईट वाटायचं, पण चार पाय असून वीतभर सरकता येत नव्हतं. वार्षिक परीक्षेत ती नापास झाली.

सुट्टीनंतर तिची आई दाखला न्यायला आली, तेव्हा वर्गात येऊन बाईंनाही भेटली. मुलीला मावशीकडे शिवणकामाला बसवलं होतं.

"डॉक्टर म्हणाले, हिला ऐकू फार कमी येतं," आई म्हणाली. "तुमचे ओठ बघून ओळखायची. सगळे तसंच ओळखतात, असं वाटायचं तिला."

बाई माझ्यावर येऊन बसल्या आणि मान वळवून फळ्याकडे बघू लागल्या. नंतर त्या दोनदा तिच्या घरी जाऊन आल्या, पण वडील ऐकेनात. शेवटी त्यांनी मला एकटीने ओढत फळ्याकडे वळवलं. आता माझ्यावर दुसरंच कोणीतरी बसतं.

मित्रांनो, बाक गोल मांडा, चौकोनी मांडा, माझी तक्रार नाही. पण एखादं मूल म्हणालं, मला दुसरीकडे बसू द्या, तर नाही म्हणण्याआधी का ते विचारा. मला बोलता येत नाही, म्हणून मी गप्प राहिलो. ती तर बोलली होती.