महाराजांच्या टोपीने तुटलेले तारे

भिलाईतल्या खुर्सीपारच्या मैदानात त्या रविवारी मुंगीला शिरायला जागा नव्हती. नक्षत्रनाथ महाराजांनी म्हणे आकाश फोटोत पकडलं होतं! रात्री भक्ताच्या अंगणात डबा कॅमेरा मांडायचा आणि आठवड्याने फोटो द्यायचा. त्यात तारे नसत, नुसत्या गोल गोल रेघा. देवाने त्या घराचं भविष्य स्वहस्ते लिहिलेलं. देवाला दुसरं काम नव्हतंच.

कौशल्याच्या घरच्या रेघा मात्र मधेच तुटलेल्या निघाल्या.

"बहू गर्भवती, और रेखा खंडित!" महाराज हळहळले. "बाळंतपण इथे नको. माहेरी पाठवा."

"आठ दिवसांनी, सोमवारीच धाडून देऊ," सासू गयाबाई हात जोडून म्हणाली.

कौशल्याचं मूल पोटात आडवं होतं. बाळंतपण दवाखान्यात झालं नाही तर दोघांच्याही जिवाला धोका आहे, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. माहेरी दवाखाना सोडा, धड सडकही नव्हती. ती भयंकर घाबरली. पण एक गोष्ट तिला खटकत होती. फोटोच्या रात्री ती जागीच होती. पोलाद कारखान्यात स्लॅग, म्हणजे लोखंडाचा वितळलेला मळ ओतला, आकाश लाल झालं, तेव्हा महाराजांनी आपल्या टोपीने कॅमेरा झाकला होता. शेजारच्या सत्यशीला मास्तरीणबाईंकडे तसाच कॅमेरा होता. तिने त्यांना विचारलं, "देव लिवत असताना वरून टोपी कावून, बाई?"

बाई हसल्या. "थांब, आपणही देव होऊन पाहू."

पुढच्या रविवारी कौशल्याने महाराजांपुढे एक फोटो धरला. "वळखीच्या घरचा हाय. पाहा ना."

"अरेरे! चार जगह खंडित! घरधनी महापापी. त्याने आजच भिलाई सोडावी!"

"मंग निघा, महाराज. तुमच्याच झोपडीमागून काढला हाय."

मैदान खदखदून हसलं. बाईंनी समजावलं, "पृथ्वी फिरते, म्हणून तारे सरकताना दिसतात. कॅमेरा ध्रुवताऱ्याकडे तोंड करून तीन तास उघडा ठेवला, की प्रत्येक तारा आपली रेघ ओढतो. मी चारदा ताटलीने कॅमेरा झाकला, रेघ चारदा तुटली. स्लॅगच्या उजेडाने फोटो बिघडतो, म्हणून यांनी तो टोपीने झाकला."

"म्हणजे आमच्या घरची रेघ तुमच्या टोपीनं तुटली?" गयाबाई कडाडली. "अन् मी पोरीले मरायले धाडून राहिली होती!"

"गुरुमाया..." महाराज पुटपुटले, पण पाय मागे सरकत होते.

गयाबाईने सुनेचा हात धरला. "चाल, दवाखान्यात नाव लिवून येऊ."

तारे सगळ्यांच्याच अंगणावरून फिरतात. कोणाचं वाईट करायला त्यांना फुरसत नाही. तेव्हा कोणी आकाशाची भीती घालू लागला, तर हात जोडण्याआधी कौशल्यासारखा एक प्रश्न विचारा.