न बोलणाऱ्यांचा गट

माणूस आधी बोलायला लागला की आधी दगड फोडायला, हा प्रश्न आमच्या घरात मनीने आणला. मनी म्हणजे माझ्या धाकट्या दिराची मुलगी. लहानपणी मांजरीसारखी पायात पायात यायची म्हणून मनी. आता मानववंशशास्त्रात संशोधन करते. माणूस माणूस कसा झाला आणि मग ठिकठिकाणी इतक्या तऱ्हांनी कसा वागायला लागला, त्याचा अभ्यास. मी तिला म्हटलं, त्यासाठी एवढी पुस्तकं कशाला, आपल्याच घरात डोळे उघडे ठेव, सगळ्या तऱ्हा दिसतील. तिला वाटलं मी गंमत करतेय.

लाखो वर्षांपूर्वीची माणसं म्हणे दगडाच्या कुऱ्हाडी करायची. दांडा नाही, काही नाही. मुठीत धरायचा टोकदार दगड, दोन्ही बाजूंनी कपचे उडवून धार काढलेला. आता ही विद्या एकाने दुसऱ्याला दिली कशी? बोलून, की नुसती करून दाखवून? ते शोधायला मनीने दोन गट केले होते. पहिल्या गटात शिकवणाऱ्याने हवं तेवढं बोलायचं. दुसऱ्यात अवाक्षर काढायचं नाही, हातवारे नाहीत, खाणाखुणा नाहीत. एकाने करायचं, दुसऱ्याने बघायचं आणि मग स्वतः करून पाहायचं. मी तिला तिथल्या तिथे उत्तर सांगून टाकलं. ती माणसं बोलतच असणार. पोर धारेला हात लावायला निघालं की कुठली आई तोंड मिटून बसेल? मनी म्हणाली, मोठी आई, मत नको, पुरावा हवा. आजकालच्या मुलांना आपलं ऐकायचं नसलं की पुरावा हवा असतो.

महिनाअखेरीला तिला प्रबंध द्यायचा होता, आणि नेमकी शेवटची जोडी गळाली. एकाचं मनगट मुरगळलं, दुसरा त्याचं निमित्त करून येईना. ती जोडी भरली नाही तर आकडे अपुरे, आणि आकडे अपुरे तर पोरीचं वर्ष वाया. अंगणातल्या नळाशी डोकं धरून बसलेली दिसली मला.  म्हटलं, ऊठ, मी येते. मी धरूनच चालले होते की मला बोलणाऱ्या गटात घेतील. त्या कामाला माझ्याइतकी अनुभवी बाई तिला शोधून सापडली नसती. प्रयोगशाळेत गेल्यावर कळलं, जागा न बोलणाऱ्यांच्या गटात आहे. मी हिरमुसले, पण शब्द दिला होता.

आता इथे घरातली एक गोष्ट सांगायला हवी. आमचं घर दोन मजली. वर आम्ही, खाली दीर आणि जाऊ, म्हणजे मनीचे आईवडील. आम्हा दोघी जावांचं इतकं मेतकूट होतं की भाजी निवडायला बसलो की भाजी संपायची, बोलणं संपायचं नाही. गेल्या वर्षी घरी पाहुणे आले होते, मी त्यांना काहीतरी सांगत होते, आणि ही मध्येच हसत म्हणाली, "जाऊबाई श्वास घ्यायला थांबल्या की आम्ही आमचं बोलून घेतो." सगळे खो खो हसले. माझा नवरा तर डोळे पुसेपर्यंत हसला. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हटलं, ठीक आहे, घ्या बोलून. त्या दिवसापासून मी तिच्याशी बोलणं टाकलं. तीही काही कमी नाही, तिनेही टाकलं. भाऊ भाऊ अंगणात बसून चहा पितात, गप्पा हाणतात, आणि आम्ही दोघी एका दोरीवर कपडे वाळत घालताना एकमेकींकडे बघत नाही. मला त्याचं काही वाटत नाही, असं मी सगळ्यांना सांगत असते.

तर प्रयोगशाळेत आधी मला शिकवायला एक दाढीवाले गृहस्थ बसले. डोळ्यांना जाड चष्मा, मांडीवर चामड्याचा तुकडा, डाव्या हाताला हातमोजा. समोर गारेचे दगड आणि ठोकायला एक गोल गोटा. मी दणकून मधोमध घाव घातला, तर दगडावर नुसता पांढरा डाग पडला. गृहस्थ ढिम्म. ते आपले स्वतःचा दगड फोडत राहिले. बघून बघून मला कळलं की कडेला मारायचं असतं, आणि तेही दगड जरा कलता धरून, म्हणजे कपचा खालच्या अंगाने सुटतो. हे एका वाक्यात सांगता आलं असतं. पण नाही. तोंडाला कुलूप लावून बसताना मला काय यातना झाल्या ते माझं मला ठाऊक. जे तयार झालं त्याला कुऱ्हाड म्हणवत नव्हतं, तरी टोमॅटो नक्की कापला गेला असता.

मग माझी शिकवायची पाळी. दार उघडलं, आणि शिकायला म्हणून कोण यावं? माझी जाऊ. मनी भिंतीकडे बघत होती. तिला हवी होती अनोळखी माणसांची जोडी. कारण खुणा ठिकठिकाणी वेगळ्या असतात. कुठे भुवई उचलली की होकार, तर कुठे जिभेने च्च केलं की नकार, आणि ओळखीच्या माणसांना त्या नकळत कळतात. आयत्या वेळी अनोळखी माणसं मिळेनात, तेव्हा पोरीने हिशेब केला की या दोघी वर्षभर बोललेल्या नाहीत, म्हणजे अनोळखीच झाल्या. मी उठणार होते. पण नळाशी बसलेली मनी आठवली, आणि गपचूप हातमोजा चढवला.

कॅमेरा सुरू झाला. मी ठोकायला लागले, जाऊ समोर बसून बघायला लागली. मी शपथेवर सांगते, अवाक्षर काढलं नाही. दोन्ही हात गुंतलेले, खुणा कुठून करणार? तिच्या हातात दगड आला तेव्हा तिनेही मधोमधच घाव घातला. मी नुसता नाकातून श्वास सोडला. तिने दगड फिरवून कडेला मारलं. कपचा निघाला, पण नखाएवढा. मी आपलं खिडकीबाहेर पाहिलं. तिने दगड आणखी कलता धरला, आणि मग असा लांबलचक कपचा सुटला की खण्णकन आवाज झाला. एकदा तिचा अंगठा घावाच्या वाटेत आला, तेव्हा मी घसा खाकरला, इतकंच. तिने अंगठा मागे घेतला. शेवटी तिने आपली कुऱ्हाड माझ्यापुढे ठेवली. खोटं कशाला बोलू, माझ्यापेक्षा चांगली झाली होती. मी ती उलटसुलट करून पाहिली आणि परत ठेवली. ती खूश झालेली दिसली. कशाने, ते देव जाणे.

मनीचा जीव भांड्यात पडला. तिने कुऱ्हाडीची लांबी-रुंदी मोजली आणि तिचे सर आले त्यांना चित्रण लावून दिलं. सर उतारवयाचे, हळू बोलणारे. कुठल्या कुठल्या दऱ्याखोऱ्यांत राहून, माणसं न बोलता एकमेकांना काय काय सांगतात ते शिकण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलेलं. त्यांनी चित्रण पाहिलं, थांबवलं, मागे नेलं, पुन्हा पाहिलं. मग मनीला विचारलं की या दोघी एकमेकींच्या कोण. मनीने चाचरत खरं ते सांगितलं. जावा आहेत, पण वर्षभर बोलत नाहीत.

"बोलत नाहीत?" सरांनी चष्मा काढला. "अगं, या तासभर बोलतायत."

आणि त्यांनी एकेक दाखवलं. इथे यांनी श्वास सोडला, त्यांनी दगड फिरवला. इथे यांनी खिडकीकडे पाहिलं, त्यांनी कलता धरला. इथे खाकरल्या. ते म्हणाले, मी बऱ्याच भाषा ऐकल्या आहेत, पण बोलणारी दोनच माणसं असलेली ही पहिलीच. आणि ही जोडी काही धरता येणार नाही. मनीचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला.

माझा तिळपापड झाला. पोरीचं वर्ष जातंय आणि हा गृहस्थ माझ्या श्वासावर बोट ठेवतोय. मी त्यांना ठणकावून सांगितलं की हिचा माझा काडीचा संबंध नाही. हिच्या घरात काय चाललंय ते मला ठाऊकही नसतं. पाठ धरली की ही पहाटे नळ सोडत नाही, त्या दिवशी दोरीवरचे हिचे कपडे मीच काढून घडी करून ठेवते, पण विचारायला जात नाही. जाऊ म्हणाली, खरं आहे सर, मीही काही विचारत नाही. यांना खोकला लागला की वरून कळतं, मग मी गरम पाणी करून यांच्या नवऱ्याच्या हातात देते, पण कुणी दिलं ते सांगू देत नाही. मी म्हटलं, बघा, मला आजवर पत्ता नव्हता. मग मी सांगितलं की ही रागावली की कढई आदळते, खुशीत असली की दार हळू लावते, आणि गेला महिनाभर दार हळू लागलेलं नाही, पण मला त्याचं काय? सर आमच्याकडे आळीपाळीने बघत होते. त्यांना पटतच नव्हतं. माझ्याजवळचे पुरावे संपले. तेव्हा जाऊ वैतागून सरळ माझ्याकडे वळली.

"सांगा की हो यांना, जाऊबाई, आपण बोलत नाही म्हणून."

"मघापासून तेच सांगतेय ना गं," मी म्हटलं. "त्यांना कळत नाही, त्याला मी काय करू?"

 सर छताकडे बघायला लागले. मनीने तोंडावर हात दाबला, पण हसू काही दाबलं गेलं नाही. जाऊ माझ्याकडे बघत होती, मी तिच्याकडे. माझे कान तापले होते. काय करावं ते सुचेना म्हणून मी तिच्या बाहीवरची दगडाची भुकटी झटकायला लागले. तिने हात पुढे केला, दुसरी बाही झटकायला.

पण मनीची जोडी गेली ती गेलीच. मग आम्ही दोघी तिथेच बसलो आणि मार्ग काढला. एक माणूस मी आणायचं, एक तिने, आणि त्या दोघांनी एकमेकांना जन्मात पाहिलेलं नसलं पाहिजे. मी एक नाव घ्यायचं, ती म्हणायची नको, ती माझ्याकडे येऊन गेलीय. ती एक घ्यायची, मी म्हणायची, तो माझ्या भावाच्या शेजारी राहतो. सर जाऊन चहा घेऊन आले तरी आमचं चालूच. शेवटी माझी शिवणकामवाली आणि तिच्या पाठीला व्यायाम शिकवणारा पोरगेला डॉक्टर, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी दोघं आले, एकमेकांसमोर गप्प बसून दगड फोडून गेले. कुऱ्हाड इतकी भिकार झाली की मला लाज वाटली. मनी मात्र नाचायची बाकी होती. म्हणाली, अस्साच पुरावा हवा होता.

पण ते दुसऱ्या दिवशीचं. त्या संध्याकाळी आम्ही तिघी पायी घरी निघालो. मनी पुढे, आम्ही मागे. चौक ओलांडला. मग जाऊ समोर बघतच म्हणाली, "वरून पावलं ऐकू यायची. भांडी ऐकू यायची. तुमचा आवाज तेवढा यायचा नाही. एवढं सुनं सुनं वाटायचं की मला रडू यायचं."

 मी लगेच तिच्यावर डाफरले.

"मग जिना होता ना मध्ये. चढून यायचंस."

"तुम्ही उतरायचंत. थोरल्या तुम्ही आहात."

"थोरली म्हणूनच. थोरलीने का उतरायचं?"

"धाकटीने का चढायचं? माझी पाठ दुखते."

मी म्हटलं, पाठीचं निमित्त सांगू नकोस, गच्चीवर जाताना बरी दुखत नाही. ती म्हणाली, गच्चीवर कपडे असतात, तोंड फिरवून बसलेली माणसं नसतात. मी म्हटलं, तोंड आधी तू फिरवलंस. मनी दोनदा थांबून मागे बघून गेली. रस्ताभर आम्ही हेच घोळवत राहिलो, ना तिने माघार घेतली ना मी. घर आलं, तिचं दार मागे पडलं, आणि भांडता भांडता ती माझ्या मागोमाग जिना चढून वर आली.